पाच हजार रुबलच्या नोटेवरचा लाटसाहेब

गंगाजळी

भाचा रशियात एमबीबीएस करतो. सुट्टीला आला तेव्हा माझ्या नोटांच्या वहीसाठी पाच हजार रुबलची एक जुनी नोट घेऊन आला. रुबल आणि रुपया सध्या थोडेफार बरोबरीत चालतात, त्यामुळे एवढी रक्कम वहीत कोंबायला जीव होईना. दोन दिवस नोट टेबलावरच पडून होती, म्हणून नीट बघितली गेली.

नोटेच्या पुढे एक पुतळा आहे. उंच चौथरा, वर लष्करी पोशाखातला माणूस, छातीवर हात बांधलेले. भिंग लावलं तर एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्यात कागदाची गुंडाळी. हा निकोलाय मुराव्योव, पूर्व सायबेरियाचा गव्हर्नर जनरल. आपल्या भाषेत लाटसाहेब. पुतळा खाबारोव्स्क शहरात अमूर नदीच्या कड्यावर आहे आणि नदीपलीकडे पाहतो. नोटेच्या मागे त्याच अमूरवरचा रेल्वेचा लांबलचक पूल. पुढे नदी मिळवणारा, मागे रेल्वे. मग वाचत गेलो आणि हा धागा झाला. चुका दिसल्या तर बिनधास्त सांगा.

अमूर म्हणजे चिन्यांची हेइलोंगजियांग, काळ्या ड्रॅगनची नदी. १६८९ साली नेरचिन्स्कला रशिया आणि चिंग साम्राज्यात (म्हणजे मांचू घराण्याच्या चीनमध्ये) तह झाला तेव्हा हद्द नदीच्या बरीच उत्तरेला, स्तानोवॉय डोंगररांगेवर ठरली होती. म्हणजे नदी दोन्ही काठांसकट चीनची. रशियाने अल्बाझिनचा किल्ला सोडला, बदल्यात व्यापाराची परवानगी घेतली आणि दीडशे वर्षं गप्प बसला.

मुराव्योवची १८४७ ला सायबेरियावर नेमणूक झाली. त्याचं म्हणणं सरळ होतं: ज्याच्या ताब्यात अमूरचं मुख, त्याचा सायबेरिया. पण राजधानी पीटर्सबर्गमध्ये समज अशी की अमूर समुद्राला मिळते तिथे वाळू साचलेली आहे, मोठी जहाजं आत शिरत नाहीत. शिवाय परराष्ट्रमंत्री नेसेलरोडला चीनशी वाकडं घ्यायचं नव्हतं. नेवेल्स्कॉय नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १८४९ ला स्वतः जाऊन पाहिलं की जहाजं आत जातात, आणि साखालिन हे बेट आहे. पुढच्या वर्षी या पठ्ठ्याने वरून हुकूम नसताना नदीच्या मुखाशी झेंडा रोवला. दरबारात त्याची पदावनती करायचं घाटत होतं. पण रशियन झेंडा एकदा चढला की उतरवायचा नाही, असं झार निकोलस पहिला म्हणाल्याचं सांगतात, आणि विषय तिथे संपला.

१८५४ ला क्रिमियाचं युद्ध चालू असताना मुराव्योवने पॅसिफिक किनाऱ्याच्या बचावाचं निमित्त करून सैनिक भरलेले तराफे आणि होड्या अमूरमधून खाली सोडल्या. पुढची दोन-तीन वर्षं तेच. मग कोसॅक (झारचे शेतकरी-सैनिक) कुटुंबं आणून उत्तर काठावर वसवली. कागद नंतर आला. तोही कसा, तर चीन दक्षिणेत तायपिंग बंडाने पोखरलेला आणि किनाऱ्यावर इंग्रज-फ्रेंचांच्या तोफा. २८ मे १८५८ ला ऐगुन गावात चिंगच्या बाजूने यीशानने सही केली. १८४१ ला कॅन्टनमध्ये इंग्रजांकडून मार खाल्लेला सेनापती तो हाच. उत्तर काठ रशियाचा झाला आणि उसुरी नदीपासून समुद्रापर्यंतचा टापू 'दोघांचा सामाईक'. सामाईक म्हणजे काय, ते कुणीच लिहिलं नाही. गावाकडे सामाईक बांध असलेल्यांना पुढचं सांगायला नको.

बीजिंगने हा तह मानायला नकार दिला. मग १८६० मध्ये इग्नात्येव नावाचा अठ्ठावीस वर्षांचा राजदूत इंग्रज-फ्रेंच फौजांच्या मागोमाग बीजिंगात शिरला. फौजा हिवाळ्याच्या धास्तीने तशाही परतणार होत्या. याने राजपुत्र गोंगला भासवलं की मी रदबदली केली म्हणून त्या निघाल्या, आता माझी दलाली द्या. दलाली म्हणून उसुरीच्या पूर्वेचा सगळा किनारा मिळाला. व्लादिवोस्तोक त्याच वर्षीचं. दोन्ही तह मिळून सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिप्पट. रशियाने त्यासाठी चीनशी लढाई केली नाही.

रेल्वेचं प्रतिसादात लिहितो, बोटं दुखली.

वाचनमात्र

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पुतळा तेव्हापासून तिथेच आहे का? सोव्हिएत काळात झारचे लाटसाहेब ठेवले असतील असं वाटत नाही.

गंगाजळी

नाही ठेवले. १८९१ ला उभा केला, १९२५ ला उतरवला. त्याच चौथऱ्यावर लेनिन आला. १९९२ ला लेनिन जाऊन मुराव्योव परत. चौथरा मात्र तग धरून आहे.

मांडवीकाठ

छान लिहिलंय. नेरचिन्स्कच्या तहात आमच्या गोव्याचाही एक धागा आहे. तो तह लॅटिनमध्ये लिहिला गेला, कारण चिंगच्या बाजूचे दुभाषे दोन जेझुइट पाद्री होते: पोर्तुगीज तोमास परेरा आणि फ्रेंच झर्बियाँ. परेरा १६६६ ला लिस्बनहून निघाला, गोव्यात राहून शिकला, आणि मकाऊमार्गे बीजिंग दरबारी पोहोचला. कांगशी बादशहाला पाश्चात्य संगीत शिकवणारा तो हाच. रशियन आणि मांचू यांच्यातला पहिला तह जुन्या गोव्यात शिकलेल्या माणसाच्या लॅटिनमध्ये व्हावा, याची मला फार गंमत वाटते.

उंटावरचा शहाणा

साल बघा, १६८९. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीच्या वाटेला लागले, आणि त्याच ऑगस्टमध्ये तिकडे सायबेरियात तंबू ठोकून हद्द ठरत होती. शाळेत दोन्ही गोष्टी एकाच पानावर आल्या असत्या तर सनावळ्या लक्षात राहिल्या असत्या.

अवांतर: १८६० च्या बीजिंग मोहिमेत शीख आणि पंजाबी पलटणी होत्या. ज्या अफूवरून आधीची युद्धं पेटली, तिच्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. इग्नात्येवने ज्या फौजेच्या जिवावर दलाली खाल्ली, तिच्यात आपलीही माणसं होती.

गंगाजळी

आता रेल्वे.

ट्रान्स-सायबेरियनचं पूर्वेकडचं भूमिपूजन १८९१ ला व्लादिवोस्तोकला युवराज निकोलसच्या (पुढे झार निकोलस दुसरा) हस्ते झालं. त्याने स्वतः मातीची हातगाडी ढकलली. त्याआधी काही दिवस जपानात एका पोलिसाने त्याच्या डोक्यावर तलवार चालवली होती, ती जखम ताजी होती. (त्याच सफरीत तो आधी मुंबईलाही उतरला होता.)

बैकाल सरोवराच्या पलीकडे लोहमार्ग कसा न्यायचा, हा प्रश्न उभा राहिला. अमूरच्या काठाने जायचं तर प्रचंड वळसा, दलदल, डोंगर. सरळ मांचुरियातून (चीनचा ईशान्य भाग) गेलं तर शेकडो किलोमीटर वाचतात, पण ती जमीन चीनची. अर्थमंत्री सर्गेई विटने यावर काढलेला तोडगा सैन्याचा नव्हता, बँकेचा होता. १८९५ ला जपानने चीनला हरवून लियाओदोंग द्वीपकल्प घेतलं. रशिया, फ्रान्स, जर्मनीने दम देऊन ते परत करायला लावलं. जपानला भरपाई द्यायला चीनकडे पैसे नव्हते, ते रशियाने मिळवून दिले, भांडवल मुख्यतः फ्रेंच. त्याच वर्षअखेरीस रशियन-चिनी बँक निघाली, तिच्यातही पैसा बहुतांश फ्रेंचांचा आणि मर्जी रशियाची.

१८९६ च्या मे महिन्यात त्याच निकोलसच्या झार म्हणून राज्याभिषेकाला चीनकडून ली होंगझांग मॉस्कोला गेला. सत्तरी पार केलेला, चीनचा सगळ्यात मुरलेला मुत्सद्दी. तिथे जपानविरुद्ध गुप्त संरक्षण करार ठरला, आणि चीनच्या मदतीला सैन्य लवकर पोचावं म्हणून मांचुरियातून रेल्वे.

सहीच्या दिवसाचा एक किस्सा विटने आठवणींत सांगितलाय. करार फक्त जपानविरुद्ध असेल, 'जपान किंवा त्याचा मित्र' असं म्हणायचं नाही, असं झारशी ठरलं होतं; नाहीतर उद्या कुणाशीही लढायची पाळी यायची. सहीच्या वेळी विटने प्रत वाचली तर जुनंच वाक्य कायम. त्याने परराष्ट्रमंत्री लोबानोवला बाजूला घेऊन कानात सांगितलं. लोबानोवने घड्याळ पाहिलं, बारा वाजून गेले होते. म्हणाला, आधी जेवून घेऊ, नाहीतर पदार्थ निवतील. सगळे जेवायला बसले, तेवढ्यात आत कारकुनांनी दोन्ही प्रती नव्याने उतरवल्या. जेवण झाल्यावर नव्या प्रतींवर सह्या. ली होंगझांगला काही कळलं नाही असं विटचं म्हणणं. विट स्वतःच्याच शहाणपणाच्या गोष्टी सांगतो, तेव्हा मीठ घेऊन वाचा. पण शेवटच्या क्षणी कागद बदलण्याची ही रीत मला खरी वाटते. तालुक्याच्या रजिस्ट्रार कचेरीत मी स्वतः अशी 'आधी चहा घेऊ'ची वेळ पाहिली आहे.

रेल्वेचा ठेका बँकेला, बँकेने त्यासाठी काढली चिनी पूर्व रेल्वे कंपनी. नावात चिनी, अध्यक्ष चिनी, कारभार रशियन. भांडवल ५० लाख रुबल, एक हजार शेअर, प्रत्येकी पाच हजारांचा. (माझ्या हातातली नोट!) शेअर विक्रीला आले आणि काही मिनिटांत संपले, कारण घेणारं रशियन सरकारच. ठेक्याची मुदत ८० वर्षं. ३६ वर्षांनी चीन सगळे पैसे मोजून विकत घेऊ शकतो, ८० वर्षांनी फुकट. गाडी रीतसर सुरू झाली १९०३ ला, म्हणजे फुकट मिळायचं साल १९८३. आपण वर्ल्डकप जिंकला ते.

नकाशेबाज

गंगाजळी, सहावं कलम राहिलं. खरी मेख तिथे आहे. ठेक्याच्या फ्रेंच मजकुरात रेल्वेला दिलेल्या जमिनीच्या 'प्रशासनाचा' पूर्ण आणि अनन्य अधिकार कंपनीला आहे, असं एक वाक्य होतं. चीनच्या मते हे रूळ, गोदामं, स्टेशनं यांच्या व्यवस्थापनापुरतं. रशियाने अर्थ काढला शहर चालवण्याचा. म्हणून हार्बिनमध्ये रशियन नगरपालिका, रशियन कर, रशियन न्यायालयं. १८९८ ला सोंगहुआ नदीकाठी रेल्वेची वसाहत म्हणून सुरू झालेली जागा काही वर्षांत चीनच्या पोटात वसलेलं रशियन शहर झाली, आणि पाया एका शब्दाचा.

रखवालीचंही तसंच. चीनच्या जमिनीवर रशियन सैन्य नको, म्हणून रेल्वेने 'रखवालदार' नेमले. गणवेशावर सैन्याची खूण नाही, कॉलरवर पिवळा ड्रॅगन. रशियन सैनिक त्यांना 'मटिल्डाचे शिपाई' म्हणून चिडवायचे. मटिल्डा म्हणजे विटची बायको.

खडीवाला

रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच मिरजेच्या बाजूला, म्हणून गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावर बोलतो.

रशियाचा गेज पाच फूट, १५२४ मिमी. चीनमध्ये इंग्रजांच्या सल्ल्याने घातलेला मार्ग ४ फूट साडेआठ इंची, १४३५ मिमी. ठेक्यातच लिहून घेतलं होतं की मांचुरियातला मार्ग रशियन गेजचा असेल. बाहेरच्याला वाटतं साडेतीन इंचांचा फरक. पण त्यामुळे चीनचा एकही डबा त्या मार्गावर जाऊ शकत नव्हता आणि रशियाचा कुठलाही डबा मॉस्कोहून थेट येत होता. मिरजेला ब्रॉडगेज येण्याआधीचे दिवस ज्यांनी ऐकलेत, त्यांना गेज बदलतो तिथे हमालांची पोटं कशी भरतात आणि व्यापाऱ्यांची कशी बुडतात ते माहीत आहे. हद्द नकाशावर काढा किंवा रुळात घाला, गाडीला दुसरीच कळते.

१९०५ ला जपानने रशियाला हरवल्यावर पोर्ट्समाउथच्या तहात चांगचुनच्या दक्षिणेचा फाटा जपानला गेला, तो दक्षिण मांचुरिया रेल्वे झाला. जपान्यांनी लढाई चालू असतानाच रूळ सरकवून स्वतःच्या साडेतीन फुटी गेजचे केले होते, कारण गाड्या तिकडून आणल्या होत्या. नंतर ते सगळं पुन्हा १४३५ वर नेलं. मग चांगचुनला उत्तरेकडची गाडी रशियन गेजची, दक्षिणेकडची वेगळी. १९३५ ला रशियाने उरलेली रेल्वे मांचुकुओला (मांचुरियातलं जपानचं बाहुलं राज्य) १४ कोटी येनला विकून टाकली, तेव्हा चांगचुन ते हार्बिन अडीचशेच्या आसपास किलोमीटरचा गेज जपान्यांनी काही तासांत बदलला. स्लीपर आधी तयार ठेवून, माणसं ओळीने उभी करून. हे काम ज्याने केलंय त्याला विचारा, काही तास म्हणजे काय ते.

उंटावरचा शहाणा

सगळं ठीक आहे, पण या धाग्यात चीन बिचारा आणि रशिया कपटी असं चित्र झालंय. ली होंगझांग दुधखुळा नव्हता. एका परक्याला दुसऱ्या परक्यावर सोडायचं हा चीनचा जुना डाव, तो तेच खेळत होता. जपान दारात, रशिया परसात. त्याने परसातला निवडला. हिशेब चुकला, कारण दोन वर्षांत, १८९८ ला, रशियाने तेच लियाओदोंगचं टोक, पोर्ट आर्थर, २५ वर्षांच्या पट्ट्यावर स्वतः घेतलं, वर हार्बिनहून तिथवर फाटाही काढला. जपानच्या घशातून काढून स्वतःच्या घशात. १९०४ चं युद्ध तिथून सुरू झालं.

शिवाय उत्तर काठ रिकामा का होता? मांचू राजघराण्याने आपली मायभूमी राखीव ठेवायची म्हणून हान चिन्यांना तिकडे जायला बंदी केली होती. तुम्हीच माणसं येऊ दिली नाहीत, मग दुसऱ्याने वस्ती केली.

नकाशेबाज

रिकामा नव्हता हो. झेया नदीच्या पूर्वेला चौसष्ट गावं होती, मांचू आणि इतर. ऐगुनच्या तहातच लिहिलंय की ते लोक तिथेच राहतील आणि चिंगच्या अमलाखाली राहतील. १९०० च्या जुलैमध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावाच्या वेळी पलीकडच्या चिनी काठावरून ब्लागोवेश्चेन्स्क या रशियन शहरावर तोफा डागल्या गेल्या. शहरात घबराट उडाली. पोलिसांनी आणि कोसॅकांनी शहरातल्या चिन्यांना गोळा करून नदीकाठी नेलं आणि पोहून पलीकडे जा म्हणून पाण्यात ढकललं. होड्या नव्हत्या. अमूर तिथे पाऊण किलोमीटरच्या घरात रुंद आहे. जे थांबले त्यांना कुऱ्हाडी आणि गोळ्या. काही हजार माणसं गेली. त्यानंतर ती चौसष्ट गावंही संपली, ऐगुन जाळलं गेलं.

'वस्ती केली' म्हणताना हेही त्यातच येतं.

उंटावरचा शहाणा

मान्य. शब्द मागे घेतो. चौसष्ट गावांचं मला माहीत नव्हतं.

पण बंदीचा मुद्दा वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे, तो पुरा करतो. बंदी उठली आणि रेल्वे आली, तेव्हा शांदोंग प्रांतातून शेतमजूर त्याच रेल्वेने मांचुरियात लोटले. रूळ टाकायला रशियाने चिनी मजूर आणले, मग सोयाबीन पिकवायला त्यांचे भाऊबंद आले. १९२७ च्या आसपास एकेका वर्षात दहा लाखांच्या घरात माणसं येत होती. रशियाने मांचुरिया रशियन करायला रेल्वे बांधली आणि त्याच गाड्यांनी मांचुरिया चिनी झाला. विटच्या हिशेबात हा खर्च कुठेच धरलेला नव्हता.

मांडवीकाठ

परक्या भूमीवर कुणाच्या पैशाने रेल्वे येते हे आम्हाला मुरगावात बघायला मिळालं. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह: इंग्रजी भांडवलाने मुरगाव बंदर आणि कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज, बदल्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा. मिठागरं सांभाळणारी माणसं चोर ठरली. १८९२ ला तो तह संपला, रेल्वे राहिली. तुलना ताणत नाही, पण रेल्वेच्या करारात मीठ कुठून आलं हे जसं आमच्या आज्यांना कळलं नाही, तसं हार्बिनच्या शेतकऱ्याला सहावं कलम कळलं नसणार.

सातूचं पीठ

मी २०१४ ला मॉस्को-बीजिंग गाडीने गेलो होतो, मांचुरियातून जाणाऱ्या. सरहद्दीवर झाबायकाल्स्कला डबे शेडमध्ये नेले. एकेक डबा सुटा करून आम्हा प्रवाशांसकट जॅकवर वर उचलला. खालची रशियन बोगी (चाकांचा सांगाडा) ढकलून बाहेर काढली, चिनी गेजची आत सरकवली. आम्ही वर चहा पीत बसलेलो. कपातल्या चहाला तरंगही आला नाही. कंडक्टर बाईंनी आधीच संडासाला कुलूप लावलं होतं, ते पार चीनच्या बाजूची तपासणी संपेपर्यंत. त्या काही तासांत डब्यातल्या प्रत्येकाला साम्राज्यांच्या भांडणाचा अर्थ नीट कळला.

वाचनमात्र

😂 खडीवाला काकांच्या साडेतीन इंचांची किंमत.

नकाशेबाज, हद्दीचं पुढे काय झालं? १९६९ ला बेटावरून गोळीबार झाला होता ना?

नकाशेबाज

हो, उसुरीमधलं दामान्स्की, चिनी नाव झेनबाओ. पाऊण चौरस किलोमीटरही नाही. मार्च १९६९ मध्ये दोन अणुबॉम्बवाले देश त्याच्यासाठी लढले. भांडण परत कागदाचंच. इग्नात्येवने १८६० ला केलेल्या बीजिंग तहाला १८६१ मध्ये जो नकाशा जोडला, त्यात हद्द लाल शाईने काढली होती. नकाशा इतका लहान प्रमाणाचा की दहा लाखाला एकही पडत नव्हता. त्या रेघेची जाडीच जमिनीवर किती भरते ते बघा. रेघ चिनी काठाला टेकलेली, म्हणून सोव्हिएत म्हणाले नदी अख्खी आमची, बेटांसकट. चीन म्हणाला, जगभर हद्द मुख्य प्रवाहाच्या मधोमध धरतात. १९९१ ला मधोमधचं तत्त्व मान्य झालं, दामान्स्की चीनला गेलं. शेवटची गाठ खाबारोव्स्कसमोरच्या दोन बेटांची. त्यातलं एक पूर्ण आणि दुसरं साधारण अर्धं २००८ ला चीनला दिलं. मुराव्योवच्या पुतळ्याच्या शहरासमोरच.

ऑगस्ट २०२३ मध्ये चीनने जो 'प्रमाण नकाशा' काढला, ज्यात अरुणाचल दाखवला म्हणून आपण निषेध नोंदवला, त्याच नकाशात ते दुसरं बेट पूर्ण चीनचं दाखवलंय. रशियाने प्रश्न मिटलेला आहे एवढंच म्हणून सोडून दिलं.

खडीवाला

नोटेमागच्या पुलाबद्दल कुणीच बोललं नाही. मांचुरियातली रेल्वे हातून जाईल हे १९०५ नंतर रशियाला कळलं, म्हणून त्यांनी अमूरच्या काठाने तोच नको असलेला वळसा स्वतःच्या जमिनीवर बांधला. खाबारोव्स्कचा पूल १९१६ ला पुरा झाला आणि मग कुठे मॉस्को ते व्लादिवोस्तोक एकही परकी सरहद्द न ओलांडता गाडी गेली. पोलादी गाळे वॉर्साला बनवून समुद्रमार्गे आणत होते. शेवटचे दोन १९१४ ला हिंदी महासागरात जर्मन युद्धनौकेने जहाजासकट बुडवले असं सांगतात. म्हणून वर्षभर उशीर.

आणि दोन देशांच्या मधल्या अमूरवर पहिला रेल्वेपूल कधी झाला सांगा? नोव्हेंबर २०२२. तोंगजियांगला. चीनने आपला भाग आधी बांधून ठेवला होता, पूल नदीत अधांतरी थांबलेला. त्याच्यावर आता दोन्ही गेजचे रूळ एकत्र टाकलेत, १५२० (आताचा रशियन गेज) आणि १४३५, एकात एक.

गंगाजळी

काका, हे फोटोत शोधून पाहिलं. खरंच चार रूळ आहेत.

भाच्याला विचारलं, तिकडे ही नोट वापरात दिसते का. म्हणाला, दुकानदार सुट्ट्यासाठी तोंड वाकडं करतात, आणि आता नवीन नोट निघाली आहे तिच्यावर मुराव्योव नाही, येकातेरिनबुर्ग आहे. म्हणजे ही वहीत लावायलाच हवी. पुढची बाजू वर ठेवू की मागची, एवढं तुम्हीच सांगा.

खडीवाला

पूल वर.

नकाशेबाज

पारदर्शक खिशाची वही घ्या हो, किती ती काटकसर.